एका ओळीत बदललेलं पंचांग

बाबांनी मेलबर्नला न जाण्याची जी जी कारणं शोधून काढली, त्यांची नुसती उजळणी करायची म्हटली तरी मला धाप लागते. गुडघे. तुळशीला पाणी कोण घालणार. तिकडे म्हणे बाथरूममध्ये बादलीच नसते. विमानात मांडी घालून बसू देत नाहीत. पासपोर्टवरचा फोटो चोरासारखा आलाय, अडवतील. माझा धाकटा भाऊ तिकडून फोनवर आर्जवं करून थकला. त्याला मुलगी झाली, तिचं बारसं झालं, ती पालथी पडायला लागली, बसायला लागली, आणि आमचे बाबा इथे इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फोनच्या काचेवरून बोट फिरवून तिचे गाल ओढत बसले. समोरून ती पोरगी फोन चाटायची. अशी आजोबा-नातीची ओळख.

शेवटी एकदा मी भडकलेच. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहते, त्यामुळे भडकायला मला लांब जावं लागत नाही.

"बाबा, जायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा ना त्याला. बिचारा रोज विचारतो."

"जायचंय गं," बाबा म्हणाले. "पण तुझ्या आईचं यंदाचं श्राद्ध होऊ दे. ते मला इथेच करायचंय. ते झालं की मी मोकळा."

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. ती गेली पौष वद्य दशमीला. भाऊ लांब, म्हणून तिचं श्राद्ध बाबाच करतात. आणि तिथीच्या बाबतीत आमचे बाबा म्हणजे विचारूच नका. शेजारी सत्यनारायणाला गेले, तर हातात प्रसाद घेऊन 'आज पौर्णिमा नाही बरं का' असं यजमानाला सांगून यायचे. तेव्हा बाकीची कारणं कारणं होती, हे मात्र खरं होतं. श्राद्ध झालं की तिकीट, असं ठरलं. भावाने तिकडे बॅग भरायला घ्यावी इतका आनंद व्यक्त केला.

"तारीख काय ती तुझं ॲप सांगेलच," बाबा म्हणाले.

आता या ॲपबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. आमची कंपनी गंगापूर रोडला एका दातांच्या डॉक्टरांच्या बरोबर डोक्यावर आहे. खालून ड्रिलचा आवाज येतो, वर आम्ही प्रोग्राम लिहितो. आम्ही बनवतो ते ॲप लोकांना घरच्या श्राद्धाची आठवण करून देतं. तुम्ही एकदा तिथी भरून ठेवायची. मग दर वर्षी पंधरा-वीस दिवस आधी मेसेज येतो, की अमुक तारखेला वडिलांचं श्राद्ध आहे, गुरुजी हवेत का, स्वयंपाकाला बायका हव्यात का, पत्रावळी-द्रोण पाठवू का. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी हे ऐकून फिदीफिदी हसतात. हसू देत. देशभरातून माणसं या कामासाठी आमच्या गावात येतात. हा धंदा नाशकात चालायचा नाही तर काय मैत्रिणींच्या बंगलोरात चालणार?

हे ॲप म्हणजे एकच एक अगडबंब प्रोग्राम नाही. छोटे छोटे प्रोग्राम आहेत आणि प्रत्येकाला एकेकच काम. एक बुकिंग घेतो, एक मेसेज पाठवतो, एक गुरुजींच्या वेळा सांभाळतो, एक तिथीवरून इंग्रजी तारीख काढतो. याला आमच्यात मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. त्यांना एकत्र धरणारी एक चौकट असते आणि त्या चौकटीला खाचा असतात. खाचेत बसवायचा जो भाग, तो प्लगइन. एक काढायचा, दुसरा घालायचा. सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ बदलली की काम झालं, शेजारच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

आमच्या सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, या प्रकाराचं भयंकर वेड. कुणी पाहुणा आला की ते रिसेप्शनजवळ ठेवलेल्या मिक्सरकडे त्याला घेऊन जातात. हो, मिक्सर. घरून आणलाय. "मोटर एकच," सर म्हणतात, "भांडं बदला. हे चटणीचं, हे ज्यूसचं. आमचं सॉफ्टवेअर असंच आहे." एकदा तर एका बड्या केटररसमोर त्यांनी खरंच खोबऱ्याची चटणी करून दाखवली. झाकण नीट लागलं नव्हतं. केटररच्या शर्टावर खोबरं आणि मिरची अशी नक्षी उठली, पण बुकिंग मिळालं. तेव्हापासून सरांचा मिक्सरवर जास्तच विश्वास बसला.

तर त्या तिथीच्या खाचेत जो जुना प्लगइन होता, तो एका मुलाने लिहिला होता आणि तो मुलगा पुण्याला निघून गेला. जाताना त्याने मध्ये मध्ये 'इथे हात लावू नका' एवढंच लिहून ठेवलं होतं. आम्ही लावला नाही. पण पितृपक्षात अख्खं नाशिक एकदम तारखा विचारायला लागलं, की हे बेणं जे बसायचं ते उठायचंच नाही. लोक फोनवर शिव्या घालायचे आणि त्या शिव्या मी खायची, कारण तांत्रिक बाजू माझ्याकडे. यंदाच्या पितृपक्षानंतर मी सरांना सांगून टाकलं, हा जुना भाग राहील किंवा मी राहीन.

सर म्हणाले, "बदला की. भांडंच आहे."

इंटरनेटवर एक प्लगइन सापडला. फुकट. चपळ. देशभर वापरतात म्हणे. उत्तरेकडच्या कुणीतरी बनवलेला होता आणि आमच्या खाचेत असा फिट्ट बसला की मी खुर्चीवरून उठून नाचायची बाकी राहिले. महिना द्या, पक्ष द्या, तिथी द्या, तारीख घ्या. जुन्यालाही हेच द्यायचं, नव्यालाही हेच. एक ओळ बदलली.

चाचणी नको का घ्यायला? घेतली ना! सगळ्या ऑफिसला गोळा केलं आणि म्हटलं, एकेक सण सांगा, हा तारीख काढतो का बघू. लोक ओरडायला लागले. गुढीपाडवा! बरोबर. रामनवमी! बरोबर. अक्षय्य तृतीया, नागपंचमी, गणेश चतुर्थी, दसरा! बरोबर, बरोबर, बरोबर. आमची अकाउंटंट म्हणाली, "संकष्ट्या बघा हं, माझा उपास असतो." वर्षभराच्या संकष्ट्या काढल्या. एकूण एक बरोबर. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी आणलेले पेढे वाटले. मला तर वाटलं, ही आपल्या करिअरमधली सगळ्यात देखणी गोष्ट.

दिवाळी झाल्यावर नवा प्लगइन चालू केला. नोव्हेंबर संपता संपता बाबांना मेसेज आला. आईचं श्राद्ध डिसेंबरच्या मध्यावर.

बाबांनी मला फोन दाखवला. "आलं बघ तुझं पत्र."

मी तो मेसेज भावाला धाडला. त्याने पुढे-मागे न बघता श्राद्धानंतरच्या आठवड्यातलं तिकीट काढलं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी जाऊन कानटोपी घेऊन आले. मेलबर्नला तेव्हा उन्हाळा असतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, "विमानात असते थंडी." म्हणजे विमान मान्य होतं! मी कपाळावर हात मारला, पण आनंदाने.

फक्त येवल्याच्या मावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, फोनवर शंका काढली. "यंदा लय लवकर आली गं तिथी. मागल्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती."

"मावशी, तिथी चंद्रावर असते," मी तिला समजावलं. "दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते."

"अकरा दिवस सरकून जानेवारीचा डिसेंबर झाला होय?"

"त्यात बरंच गणित असतं मावशी."

"असेल बाई," मावशी म्हणाली. "तू शिकलेली." मावशी असं म्हणते तेव्हा ती मान्य करत नसते, हे मला कळायला हवं होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मावशी एसटीने आली आणि मी तिला बाबांकडे सोडून ऑफिसला गेले. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. एक गृहस्थ होते, आवाज तापलेला.

"तुम्ही ॲपवाल्या का?"

"हो, बोला ना."

"माझ्या आजोबांना तुम्ही एक महिना आधीच जेवायला बोलावलंत."

"जेवले का ते?" माझ्या तोंडून निघून गेलं. उद्याच्या पुरणाच्या तयारीने डोकं जागेवर नव्हतं.

"आम्ही जेवलो!" ते गृहस्थ कडाडले. "आजोबा पौषात येतील, तेव्हा त्यांना काय सांगू, वडे संपले? सायखेड्याचा माझा चुलतभाऊ मला म्हणतो, येड्या, अजून मार्गशीर्ष चालू हाय, पौष कुठं लागलाय? नाक कापलं गेलं ना माझं भाऊबंदात."

"पण काका, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये एकदा बघायचं ना तुम्ही."

"भिंतीवरच बघायचं होतं तर तुमचं ॲप कशाला घेतलं?"

मी माफी मागितली, फोन ठेवला आणि तक्रारी उघडल्या. आधीचे काही फोन सरांनीच 'तुमच्या घरात तिथी चुकीची सांगितली असेल' म्हणून परस्पर कटवले होते, त्यांच्या नोंदी पण वाचल्या. वाचता वाचता एक गोष्ट दिसली. सगळे वद्यवाले होते. शुद्ध पक्षातला एकही माणूस तक्रार करत नव्हता.

मग उजेड पडला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं छान एकमत असतं. वद्य पक्ष लागला की आपण अजून मार्गशीर्षात असतो आणि त्यांचा पौष सुरू झालेला असतो. दिवस तोच, चंद्र तोच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. आमच्या लोकांनी भरलेला 'पौष वद्य' नव्या प्लगइनने त्याच्या गावच्या हिशोबाने वाचला आणि प्रत्येकाच्या पितरांना महिनाभर आधी आमंत्रण धाडलं. भांडं मोटरवर चपखल बसलं होतं. आत काय दळलं जातंय ते कुणी बघितलं नव्हतं.

आणि ती आमची चाचणी! पाडवा शुद्ध. रामनवमी शुद्ध. नागपंचमी, गणेश चतुर्थी, दसरा, सगळे शुद्ध पक्षातले. माणसं सण आठवायला बसली की उजेडातलेच आठवतात. संकष्टी वद्यातली खरी, पण ती मेली दर महिन्याला येते, तिला महिन्याचं नाव लागतच नाही. दिवाळी कुणी विचारली नाही, कारण दिवाळीची सुट्टी सगळ्यांना तोंडपाठ. आणि त्र्यंबक इथून अर्ध्या-पाऊण तासावर असताना आमच्यातल्या एकाही दिवट्याला महाशिवरात्र आठवू नये! मला स्वतःला धरून सगळ्यांना बडवावंसं वाटलं.

सरांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे निम्मे लोक बरोबर आहेत ना?"

"सर, निम्मे पितर बरोबर आहेत."

"मग जुनं भांडं बसवा."

बसवलं. एक ओळ बदलली, झालं. चौकट काही कुरकुरली नाही. मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या वद्यवाल्यांना दिलगिरी पाठवायची तयारी केली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पौष वद्य दशमी. आई. त्या वद्यवाल्यांमध्ये बाबा होते.

मी आधी बाबांचा नंबर त्यातून काढला. मग ऑफिसच्या गच्चीवर जाऊन भावाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, पोरीला भरवणं चाललं होतं.

"ताई, तू गप्प बस," सगळं ऐकून तो म्हणाला. "हात जोडतो. उद्याचं होऊ दे, त्यांना विमानात बसव, मग काय ते सांग."

"चुकीच्या दिवशी श्राद्ध करू देऊ?"

"आईला चाललं असतं."

"तुला काय माहीत आईला काय चाललं असतं? लाडका होतास तू. खरी आई मला ठाऊक आहे."

"मग तूच सांग. सांगितलंस तर ते तिकीट रद्द करतील. पौषापर्यंत थांबतील. पौषात परत गुडघे, परत बादली. ताई, ती आता रांगायला लागली. पुढे कधी ते येतील तेव्हा ती त्यांना हॅलो अंकल म्हणेल."

त्याने फोन ठेवला. मी गच्चीवर उभी राहिले. त्याचं खरं होतं. बाबांना सांगू नये, तर ज्या माणसाने मला तिथी म्हणजे काय ते शिकवलं त्याला मी फसवत होते. सांगावं, तर त्यांच्या नातीला त्यांच्यापासून तोडत होते. आणि बाबांनी माझ्यावर विश्वास टाकून भिंतीकडे साधं बघितलंही नव्हतं, याची लाज वेगळीच. ठरवलं, गप्प बसायचं.

पण सकाळी पुरण वाटताना मला संकल्प आठवला. श्राद्धाला बसलं की गुरुजी संकल्पात आजचा महिना, पक्ष, तिथी मोठ्याने म्हणतात आणि यजमानाला म्हणायला लावतात. गुरुजी म्हणणार 'मार्गशीर्ष मासे'. आणि बाबा ते ऐकणार. सगळं झाल्यावर नाही, ऐन पाटावर, हातात दर्भ आणि पाणी असताना त्यांना कळणार की आपल्या लेकीने आपल्याला भलत्याच महिन्यात बसवलंय.

माझं नशीब एवढंच की मागच्या वर्षीचे गुरुजी नव्हते. ॲपने दुसरे धाडले होते. ते जिना चढत असताना मी त्यांना मधल्या मजल्यावर गाठलं. भरदार अंगाचे, आवाज असा की 'नमस्कार ताई' म्हटल्यावर समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"गुरुजी, एक विनंती होती. संकल्पात तो महिना जरा हळू म्हणाल का?"

"हळू म्हणजे?"

"म्हणजे पुटपुटल्यासारखा."

गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "अहो ताई, संकल्प म्हणजे पत्ता. पत्त्यातलं गावच पुटपुटलं तर टपाल जायचं कुठे?"

"थोडं खोकलात तरी चालेल."

"मला खोकला नाही," गुरुजी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

झालं. आता इलाज नव्हता. मी बाबांच्या खोलीत गेले. ते धूतवस्त्र नेसून निऱ्या खोचत होते. टेबलावर आईचा फोटो काढून ठेवला होता, हार घालायचा बाकी होता. मी दार लोटलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. प्लगइन, उत्तर, दक्षिण, शुद्ध, वद्य. मध्ये रडले पण थोडीशी. "बाबा, आज मार्गशीर्ष वद्य दशमी आहे. आईची तिथी पुढच्या महिन्यात आहे. चूक आमची आहे."

बाबांनी शेवटची निरी खोचली. मग माझ्यावर असे डोळे वटारले की मी दहा वर्षांची झाले.

"तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"म्हणजे?"

"मेसेज आला त्याच दिवशी मी भिंतीवर बघितलं," बाबा दबक्या आवाजात ओरडले. "पौष वद्य दशमी जानेवारीत आहे हे मला कळत नाही? पासष्ट वर्षं पंचांग बघतोय मी!"

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? मला जायचं होतं!" बाबा पलंगावर बसले. "त्या पोरीला मला मांडीवर घ्यायचंय. पण आधी जावं तर तुझ्या आईचं श्राद्ध टाकून आलो असं वाटत राहिलं असतं. नंतर जायचं म्हटलं, तर त्या 'नंतर'ची मलाच खात्री नव्हती. ऐनवेळी माझे पाय गळतात, मला माहीत आहे. तिच्याशिवाय मी कधी मनमाडच्या पुढे गेलोय का? तेवढ्यात तुझ्या कंपनीने आयती सबब पाठवली. म्हटलं, कंपनीची चूक, माझं काय जातं. माणसाला माहीत नसलं की दोष लागत नाही. छान चाललं होतं. आणि आता तू येऊन सांगतेस! आता मला कळलंय असं झालं ना!"

मला हसावं की रडावं कळेना. "मी काही बोललेच नाही असं समजा."

"बोललीस. चांगली रडत बोललीस."

"बाबा, काशीला याच दिवसाला पौष म्हणतात. ते लोक काय चुकीचे आहेत?"

"मला नको शिकवू. काशीच्या हिशोबाने ती गेली माघात, म्हणजे तिथेही तिची तिथी पुढच्याच महिन्यात. नाव बदलून दिवस बदलतो होय?"

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "यजमान, चला!" तो दारातून आला की भिंतीतून, सांगता येत नाही. बाबा पलंगावरून हलले नाहीत. पायांकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं. आता हे धूतवस्त्र सोडतील, गुरुजींना दक्षिणा देऊन परत पाठवतील आणि भावाला मी काय तोंड दाखवू. तेवढ्यात ते उठले, टेबलावरचा फोटो उचलला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

पाट मांडलेला होता. त्यांनी फोटो समोर ठेवला, हार घातला, बसले. आचमन झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मागे मावशी, हात पुरणाने माखलेले. गुरुजींनी घसा खाकरला आणि संकल्प सुरू केला. संवत्सर झालं, अयन झालं, ऋतू झाला.

"मार्गशीर्ष मासे," गुरुजी गरजले.

मावशीने पुरणाचा हात हवेत धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"म्हणा," गुरुजी म्हणाले.

बाबांच्या तळहातावरचं पाणी बोटांतून थेंब थेंब ताम्हनात पडत होतं.

"यजमान, म्हणा. मार्गशीर्ष मासे."

"गुरुजी, जरा थांबता का?" बाबा म्हणाले. "मला हिच्याशी थोडं मराठीत बोलायचंय."

गुरुजी चकित झाले, पण भला माणूस. "बोला की. त्यांना समजल्याशी कारण."

बाबांनी फोटोकडे बघितलं. घरात आम्ही एवढे जण आहोत हे ते विसरूनच गेले होते.

"अगं, तुझा दिवस पौषातला. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. मी तुला महिनाभर आधी बोलावतोय, समजून उमजून बोलावतोय. पोरीची काही चूक नाही. दोन वर्षं मी तुझ्याशी रोज बोलतो आणि मला सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. आता नातीला बघून येतो. मग तुला सांगतो, ती हसते कुणासारखी."

मावशीने माखल्या हाताने डोळे पुसले आणि गालभर पुरण लावून घेतलं. माझं मला आवरेना. बाबांनी तळहातावर नवं पाणी घेतलं, पाठ ताठ केली आणि गुरुजींपेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाले,

"मार्गशीर्ष मासे."